आंबटाची बाजू

पेला तोंडाला लागायच्या आधीच पेरूचा वास आला. नाशिकला, गंगापूर धरणाच्या बाजूला, फेब्रुवारीतल्या संध्याकाळी. पेल्यात फिकट, जवळजवळ पाण्याच्या रंगाची वाईन होती, सॉव्हिन्यॉ ब्लाँ या द्राक्षाची. पेरू तिच्यात कुणी घातला नव्हता. तरी वास इतका नेमका की मी पेला खाली ठेवला आणि थेट छत्तीसगढमध्ये, लहानपणीच्या भिलाईत पोचले.

भिलाईत सेक्टरातल्या क्वार्टरांमागे काही ना काही लावलेलं असायचंच. कुणाचा आंबा, कुणाचा मुनगा, आमचा पेरू. शेजारी त्याला जाम म्हणत, कामाला येणारी बाई बिही म्हणे. बाबा पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये होते, पाळीची नोकरी. रात्रपाळीहून आले की सायकल भिंतीला टेकवून आधी झाडाखाली जात. पिकलेला पेरू त्यांना चालत नसे. फळ अंगठ्याने दाबायचं. दबलं तर ते शेजाऱ्यांचं, करकरीत राहिलं तर आपलं. हिरवा रंग नुकता सोडू लागलेलं, वरून खरबरीत फळ ते निवडत. चार फोडी, मीठ, तिखट. दात शिवशिवायचे आणि कानामागे काहीतरी ताणल्यासारखं व्हायचं. आई आतून ओरडे, ‘रिकाम्या पोटी कच्चं नका हो खाऊ.’ बाबा अजून एक तोडत. पावसाळ्यात खाली पडलेल्या पेरूंचा आंबूस वास अंगणभर असे, आणि वारा फिरला की कारखान्याकडून कोक ओव्हनचा वास येऊन त्यात मिसळे. ते दोन वास मला आजही एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

पेल्यातला पेरू मात्र खराच होता. सॉव्हिन्यॉच्या रसात गंधकयुक्त संयुगं बांधलेल्या अवस्थेत असतात. तेव्हा त्यांना वास नसतो. यीस्ट साखर खाऊ लागलं की ती सुटतात, आणि त्यातलंच एक पेरूतही असतं. बोर्दोच्या संशोधकांनी हे 1990च्या दशकात उलगडलं. दुसरा वास हिरवा, ढोबळी मिरचीचा, आणि मिरचीत तो ज्या रेणूमुळे येतो त्याच रेणूचा. बाबांच्या कारखान्यात पोलाद वितळायला दीड हजार अंशांच्या वरची आग लागते. इथे टाकीच्या दुहेरी भिंतीतून गार द्रव खेळवून रस 12 ते 16 अंशांत ठेवतात, नाहीतर हे वास उडून जातात. शेवटी साखर जवळजवळ उरत नाही. म्हणून ही वाईन ड्राय.

माझ्या मामेभावाची बाग दिंडोरीकडे आहे. थॉम्पसन ही खायची, बिनबियांची द्राक्षं काढून त्याने काही ओळी सॉव्हिन्यॉच्या लावल्या. राजीव सामंत यांनी नाशिकला ही जात रुजवली आणि 2000 साली त्यांच्या सुला कंपनीची पहिली वाईन बाजारात आली, त्यानंतर बऱ्याच जणांनी हेच केलं. घड हातात घेतला तर मुठीत मावतो. मणी बारके आणि इतके दाटीवाटीने की मध्ये काडी शिरणार नाही. आत बिया. बाजारात याला कुणी विचारणार नाही. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, जानेवारीपासून काढणी. काढणी पहाटेच्या अंधारात, डोक्याला बॅटरी बांधून, कारण दिवसाची उष्णता मण्यातलं आम्ल जाळते. भाऊ म्हणाला, ‘ताई, साखर काय, ऊन आपोआप चढवतं. आंबट राखायला जागावं लागतं.’

हे मला पटलं, कारण मी उन्हाच्या गावात वाढले. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा छत्तीसगढी माणूस गोडाकडे बघतही नाही. तो बासी खातो: रात्री पाण्यात भिजत घातलेला, सकाळपर्यंत जरासा आंबलेला भात, वर कांदा आणि हिरवी मिरची. उन्हाळ्याला दिलेलं इतकं समजूतदार उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही. महाराष्ट्रात आपण द्राक्षाला गोडीवरच मार्क देतो, मणी फुगवतो, आंबट निघालं की गाडीवाल्याशी भांडतो. सॉव्हिन्यॉ उलट्या बाजूने उभी आहे. कॅबर्ने सॉव्हिन्यॉ हे जगभर मिरवणारं काळं द्राक्ष हिचंच अपत्य, हे 1997 साली कॅलिफोर्नियात डीएनए तपासून सिद्ध झालं. मला अपत्यापेक्षा आई आवडते. लाल वाईनचा जडपणा आपल्या हवेला मानवत नाही, असं माझं मत आहे.

तुम्ही घेणार असाल तर साल बघून, ताजी घ्या. ही मुरवायची वाईन नव्हे. 8 ते 10 अंशांपर्यंत गार करा, सोबत कोथिंबीर वडी तळा, आणि बाटली त्याच उन्हाळ्यात संपवा.