गोरेगाव, ईस्ट की वेस्ट?

पुण्यात नोकरीला लागल्यापासून हा प्रश्न मला शंभरदा तरी ऐकावा लागला असेल. आता मी नुसतं हसतो आणि सांगतो, "तालुका सेनगाव, जिल्हा हिंगोली." समोरचा "अच्छा..." म्हणतो आणि विषय बदलतो. मुंबईचं सोडा, रायगडात माणगावकडे एक गोरेगाव आहे, गोंदिया जिल्ह्यात तर त्या नावाचा अख्खा तालुका आहे. बरं, आमचा जिल्हा तरी एक राहिला का? १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा झाला, पण माझ्या दहावीच्या कागदांवर परभणीच आहे. गाव जागचं हललं नाही, पत्ता मात्र बदलला.

हे सगळं माहीत असूनही मी जो घोळ घातला, त्याची ही गोष्ट.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या एका संलग्न कॉलेजात मी बीएस्सी कॉम्प्युटरला होतो. शेवटच्या वर्षी वेब डेव्हलपमेंट. एचटीएमएलचे टॅग आम्ही आधी जर्नलमध्ये पेनाने लिहायचो, मग लाइट असली तर मशीनवर. डेटाबेसच्या पेपरला कॉडने १९७० मध्ये मांडलेलं रिलेशनल मॉडेल पाठ करून गेलो होतो. 'प्रायमरी की म्हणजे काय?' याला पैकीच्या पैकी मार्क.

प्रोजेक्ट होता होस्टेलच्या अर्जांचा. पीएचपी, मायएसक्यूएल, आणि हिरवी मार्की पट्टी (तेव्हा फार भारी वाटायची!). मी की ठरवली : नाव + आडनाव + गाव. अर्ज भरता भरता एकदा 'डुप्लिकेट एंट्री' अशी एरर आली. मला वाटलं, एकच अर्ज दोनदा भरला गेला. सारखी कटकट नको म्हणून इन्सर्टच्या जागी रिप्लेस टाकलं. एरर गेली. मी खूश. रिप्लेस तीच की असलेली जुनी ओळ आधी पुसतं आणि मग नवी टाकतं, हे वाचलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं.

सरांनी कौतुकाने तीच यादी नोटीस बोर्डावर लावली.

दोन दिवसांनी एक मुलगा पत्र्याची पेटी घेऊन आला. "दादा, माझं नाव बघा ना एकदा. पिंपळगावचा आहे मी." मी यादी पाहिली. त्या नावापुढे दुसऱ्याच वर्गातला मुलगा होता. मी ऐटीत सांगितलं, "कॉम्प्युटरमध्ये नाही तुझं नाव." तो वाद न घालता गेला. रात्र त्याने बसस्टँडवर काढली, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

सरांनी कागदांचा गठ्ठा काढला. दोन अर्ज, नाव-आडनाव तेच, गाव पिंपळगावच, फक्त तालुके वेगळे. आपल्याकडे पिंपळगावं किती, हे मी सांगायला नको! सर रागावले नाहीत. अर्जाच्या कोपऱ्यात छापलेल्या नंबरावर बोट ठेवून एवढंच म्हणाले, "हा का नाही घेतलास?"

खरंच, का नाही घेतला? ज्याने तो फॉर्म छापला त्याला प्रायमरी कीची व्याख्या येत नसेल, पण माणसं हरवू नयेत म्हणून काय करायचं ते कळत होतं. मला व्याख्या येत होती. त्या मुलाला खोली मिळाली. सॉरी म्हणायला गेलो तर म्हणाला, "जाऊ द्या दादा, होतं असं."

पुढे नोकरीत बरंच शिकलो. नावं बदलतात; २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, तेव्हा शहराच्या नावालाच की मानणारे कोड किती ठिकाणी अडखळले असतील! पिनकोडही पुरत नाही, एकाच पिनवर अनेक गावं असतात. म्हणून तर २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला वेगळा सहा आकडी कोड आहे. पण यातलं खरं मर्म मला त्या पेटीने शिकवलं.

आता टीममधल्या नव्या पोराने टेबल दाखवलं की मी पहिला प्रश्न तोच विचारतो, "यात दोन पिंपळगावं मावतील का?" आणि स्क्रीनवर एखाद्याचं नाव दिसलं नाही, तर 'नाही' म्हणायच्या आधी एकदा कागद बघतो.

असो. पुढच्या वेळी कुणी ईस्ट की वेस्ट विचारलं, तर चिडणार नाही.