हाडांत उतरलेला कर्करोग

लिंबायतमध्ये पाठदुखीचे कोणास नवल वाटत नाही. पुरुष बारा-बारा तास लूमवर उभे, स्त्रिया घरोघरी साड्यांवर टिकल्या चिकटवीत वाकून बसलेल्या. पाठ दुखणार नाही तर काय होईल! आमच्या थोरल्या वहिनींची पाठ दुखू लागली तेव्हा खानदेशातून आलेल्या आप्तेष्टांनी तेल, शेक आणि हाडवैद्य असे तिन्ही उपाय एकाच बैठकीत सुचविले. परंतु हे दुखणे विश्रांतीने कमी होईना. रात्री तर अधिकच वाढे. सहा वर्षांपूर्वी वहिनींच्या स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेली. ते ऐकताच डॉक्टरांनी मालिश बंद करवून तपासण्या करविल्या. रोग मणक्यांत उतरला होता.

"एक कॅन्सर गेला, आता हा दुसरा, हाडांचा!" असा घरात आकांत झाला. डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की हा दुसरा नव्हे, पहिलाच आहे. आम्हां शेतकऱ्यांच्या मुलांस हे कळण्यास कठीण नव्हते. वाऱ्याने उडालेले कपाशीचे बी शेजाऱ्याच्या ज्वारीत पडले म्हणून तेथे ज्वारी उगवत नाही. स्तनाच्या पेशी रक्तावाटे हाडांत गेल्या तरी त्या स्तनाच्याच राहतात, आणि औषधही त्या मूळ रोगाचेच द्यावे लागते. वहिनींना त्याच कारणाने संप्रेरकांना रोखणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या.

हे बी हाडांतच का रुजते? स्टीफन पेजेट या इंग्रज शल्यचिकित्सकाने स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून १८८९ साली बी आणि जमीन असाच दृष्टांत दिला होता. हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. जुने हाड पोखरणाऱ्या आणि नवे रचणाऱ्या पेशींचे काम त्यात आयुष्यभर चालते. कर्करोग पोखरणाऱ्यांना चेतवितो. हाड झिजताना त्यात साठलेली वाढीची द्रव्ये सुटतात, आणि त्यांवर रोग पुन्हा पोसतो. स्तन, पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी, फुप्फुस, मूत्रपिंड व थायरॉइड येथील कर्करोग या वाटेने विशेष जातात.

या टप्प्यावर रोग समूळ जाणे बहुधा शक्य नसते, हे डॉक्टरांनी लपविले नाही. पण त्याला आवर घालता येतो, आणि कित्येकजण पुढे वर्षानुवर्षे संसार करतात. झोलेड्रॉनिक ॲसिडची सलाइनवाटे दिली जाणारी मात्रा पोखरणाऱ्या पेशींना लगाम घालते. तिच्याआधी दात मात्र तपासून घ्यावे लागतात, कारण क्वचित जबड्याला इजा होते. दुखऱ्या जागी किरणोपचाराची एक बैठकही पुष्कळदा वेदना उतरविते. एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येकाने ध्यानी ठेवावी: पायांतील बळ जाऊ लागले, बधिरता आली, लघवी अडली वा तिच्यावरचा ताबा सुटला, तर मज्जारज्जू दाबला जात असण्याचा संभव असतो. मग सकाळची वाट पाहू नये. त्याच घटकेस रुग्णालय गाठावे.

राहिला मॉर्फिनचा प्रश्न. त्या नावाने आमचे बंधू दचकले. व्यसन लागेल, ही भीती. वहिनी तर सोसण्यालाच कुलीनपणा समजणाऱ्या पिढीच्या. अगदी असह्य झाल्याखेरीज गोळी घ्यावयाची नाही, असा त्यांचा बाणा. वेदना शिरजोर झाल्यावर तिला आवरण्यास औषध अधिक लागते, म्हणून गोळी घड्याळाप्रमाणेच घ्यावी, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेले औषध म्हणजे व्यसन नव्हे, हे त्यांच्या गळी उतरविण्यास दोन आठवडे लागले. पाण्याचा हंडा उचलणे त्यांनी सोडले, ते मात्र रागारागाने. आता रात्री आठ वाजले की आतून हाक येते, "भाऊजी, गोळी!"