सर्दीचं खापर बुटांच्या माथी

डिसेंबर उजाडला की आमच्या घरात कुणीही शिंकलं तरी सगळ्यांच्या नजरा दाराशी ठेवलेल्या माझ्या बुटांकडे वळतात. धाकटीचं नाक वाहू लागलं, तर 'आई पहाटे गार वाऱ्यातून येते आणि तशीच तिला जवळ घेते.' ह्यांचा घसा धरला, तर 'पहाटे पाचला दार उघडं राहतं ना!' आणि मीच शिंकले तर मग विचारूच नका. सासूबाई काही न बोलता ओव्याची पुरचुंडी तव्यावर टाकतात. ते न बोलणंच पुष्कळ बोलून जातं.

तुमच्यापैकी ज्या पहाटे धावायला जातात, आणि हल्ली गावोगावी अशा बऱ्याच जणी आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीत, म्हणजे तिची खरी तयारी ऐन थंडीत. त्यात आमचं नाशिक! निफाडकडे पारा घसरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि इकडे गंगापूर रोडवर कानटोप्या घातलेली चार माणसं नि मी. पुरुषाला सर्दी झाली तर तो नुसता आजारी पडतो. आपल्याला सर्दी झाली की 'कशाला हवंय ते धावणं?' हा प्रश्न तिच्याबरोबर घरात येतो. म्हणून मी ठरवलं, या सर्दीचा एकदा नीट छडा लावायचा. शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते, बी.ए.ला विज्ञान नव्हतं. पण वाचता येतं, आणि आमच्या डॉक्टरीणबाईंना प्रश्न विचारून भंडावता येतं.

पहिली गोष्ट, सर्दी गारव्यानं होत नाही, विषाणूंनी होते. नुसत्या ऱ्हायनोव्हायरस नावाच्या विषाणूंचेच शंभरावर प्रकार आहेत, म्हणून तर एकदा झाली तरी पुन्हा होते. इंग्लंडात सॅलिसबरी इथं 1946 मध्ये खास सर्दीच्या अभ्यासासाठी एक केंद्र निघालं होतं. तिथं हौशी माणसं राहायला बोलावत आणि चक्क त्यांच्या नाकात सर्दीचे थेंब घालत. काहींना तर आंघोळीनंतर ओलेत्यानं गार वाऱ्यात उभं केलं, पण त्यामुळं त्यांना सर्दी जास्त झाली असं काही दिसलं नाही. हे मी सासूबाईंना मोठ्या विजयानं सांगितलं. पण इतिहासाच्या शिक्षिकेनं एकच साक्ष देऊन भागत नाही. 2005 मध्ये कार्डिफच्या संशोधकांनी 180 जणांवर प्रयोग केला. त्यातल्या अर्ध्यांचे पाय वीस मिनिटं गार पाण्यात ठेवले, तर पुढच्या चार-पाच दिवसांत त्यांच्यात सर्दीची लक्षणं दिसलेली माणसं अधिक निघाली. तेव्हा गारवा सर्दी आणत नसला, तरी आधीच नाकात येऊन बसलेल्या पाहुण्याला वाव देत असावा. धावून आल्यावर घामेजलेले कपडे तसेच अंगावर ठेवून गॅलरीत गप्पा मारू नयेत, ते याचसाठी. सासूबाईंना हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग मी काय वेगळं म्हणत होते?"

मात्र एक फरक लक्षात घ्या. गार, कोरड्या हवेत पळताना नाकातून पाणी गळतं, ती सर्दी नव्हे. आत जाणारी हवा गरम आणि ओलसर करणं हे नाकाचं कामच आहे. हवा जितकी गार नि कोरडी, तितकं ते जास्त पाणी सोडतं. घरी येऊन चहा पिईपर्यंत ते थांबतं. पहाटे कचरा जाळलेल्या धुरातून पळालं की घसा खवखवतो, तेही तसंच. अशा वेळी रस्ता बदलावा, औषध नको.

मग मला सर्दी कुठून येते? माझं उत्तर आहे, वर्गातून. पन्नास मुलं, थंडी म्हणून बंद खिडक्या, आणि पुढच्या बाकावरचा बाळ्या हातात शिंकून तोच हात वही द्यायला पुढं करणार! तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा घेऊन मी घरी येते ती आधी मोरीत जाते, साबणानं निवांत हात धुते, मगच पिशवीला नि मुलांना हात लावते. डोळे-नाक चोळायची सवय मोडली. वर्गाच्या दोन खिडक्या तरी उघड्या ठेवायला लावते. मुलं कुडकुडली तर स्वेटर असतात. धावण्याच्या गटात एकच पाण्याची बाटली फिरते तेव्हा आपली वरून पाणी प्यायची जुनी पद्धत किती शहाणी, हे पटतं. आणि दर वर्षी फ्लूची लस घेते. सर्दीवर लस नाही, फ्लूवर आहे.

आता सासूबाईंच्या बाजूची साक्ष. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला 56 किलोमीटरची एक शर्यत होते. 1982 मध्ये त्यातल्या दीडशे धावपटूंची चौकशी केली, तर पुढच्या दोन आठवड्यांत तिघांतल्या एकाला सर्दी-घशाचा त्रास झालेला. न धावणाऱ्यांत त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी. 1987 च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात धावलेल्यांपैकी शंभरात तेरा जण आजारी पडले. तयारी करूनही न धावलेल्यांत शंभरात दोनच. यातले काही घसे नुसते कोरड्या हवेनं खवखवलेले असतील, असं पुढच्या अभ्यासकांचं म्हणणं आहे. उलट रोज पाऊण तास भरभर चालणाऱ्या बायकांचे आजारपणाचे दिवस जवळजवळ निम्म्यावर आले, हेही दिसून आलंय. म्हणजे बेतानं केलेला व्यायाम सर्दीला लांब ठेवतो आणि शरीर पिळून काढणारा तिला जवळ करतो. आपल्यासारख्या बाईचं शरीर मात्र फक्त धावण्यानं पिळलं जात नाही हो! पहाटे चौदा किलोमीटर, मग डबे, मग शाळा, संध्याकाळी पाहुणे, रात्री अकराला ओटा. संशोधक त्यातले फक्त किलोमीटर मोजतात.

म्हणून मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती झोप. 2015 मध्ये अमेरिकेत 164 जणांची आठवडाभराची झोप मोजून त्यांच्या नाकात सर्दीचे विषाणू घातले. सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांपेक्षा सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचं प्रमाण चौपटीहून जास्त निघालं. हा आकडा मी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवला. खाली लिहिलं, 'पहाटे साडेचारला उठायचं, तर रात्री साडेनऊला दिवा बंद.' चार दिवस कुणी पाहिलं नाही. पाचव्या दिवशी मी साडेनऊला खरंच दिवा बंद करून झोपले आणि ओटा तसाच राहिला. सकाळी चहाला भांडं नव्हतं. तेव्हापासून रात्रीची भांडी ह्यांच्याकडे आणि दही लावणं चिरंजिवांकडे आहे. दही कधी कधी लागत नाही, पण झोप लागते.

दुसरं खाणं. डिसेंबरात नेमके मार्गशीर्षातले गुरुवार येतात. मी उपास करते, पण गुरुवारी धावत नाही. रिकाम्या पोटी लांबचं अंतर धावलं की शरीरावरचा ताण फार वाढतो. रविवारच्या लांब पल्ल्याला कमरेच्या पिशवीत खजूर नि गूळ-शेंगदाण्याची वडी असते, आणि परतल्यावर तासाभरात पोटभर पोहे किंवा भाकरी-पिठलं. आवळ्याबद्दल मात्र चांगली बातमी आहे. क जीवनसत्त्व रोज घेतल्यानं सर्वसाधारण माणसाची सर्दी काही टळत नाही. पण मॅरेथॉन धावणारे, बर्फावर स्की खेळणारे, कडाक्याच्या थंडीत कवायत करणारे सैनिक अशा कष्टकऱ्यांत तिचं प्रमाण निम्म्यावर आलं, असं काही प्रयोगांत दिसलं. गोळ्यांपेक्षा मी आवळ्याची चटणी करते. मोसम नेमका आपल्याच तयारीचा!

तरीही सर्दी झालीच तर? मग डॉक्टरीणबाईंनी शिकवलेली खूण वापरायची: गळ्याच्या वर की खाली. नुसतं नाक चोंदलंय, शिंका आहेत, घसा किंचित खवखवतोय, तर हळू, थोडं पळायला हरकत नाही. त्यानं सर्दी वाढतही नाही नि लांबतही नाही. पण ताप, अंगदुखी, छातीतला कफ, पोट बिघडणं यांतलं काहीही असलं तर बूट कपाटात. तापात पळालं तर क्वचित हृदयाच्या स्नायूंना सूज येऊ शकते. क्वचितच, पण शर्यत तेवढ्या मोलाची नसते. आणखी एक सोपी युक्ती म्हणजे सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मिनिटभर नाडी मोजायची. माझी एरवी साठ-बासष्ट असते.

2024 च्या डिसेंबरात 27 तारखेला ती अठ्ठ्याहत्तर लागली. दुपारी शाळेत अंग मोडून आलं, रात्री ताप एकशे एक. रविवारी 29 ला माझं सगळ्यात लांबचं, अठरा किलोमीटरचं धावणं होतं आणि शर्यत 19 जानेवारीला. पैसे भरलेले, पंचवटीची तिकिटं काढलेली. गटातली एक म्हणाली, गोळी घे नि चल, घामाबरोबर ताप निघून जाईल. मी गेले नाही. चटकन सांगितलं, पण त्या रविवारी पहाटे खिडकीखालून त्यांच्या बुटांचे आवाज गेले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. मनात एक भीतीही होती. आता घरात सगळे म्हणणार, 'बघ, सांगत होतो.' सासूबाई आत आल्या, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "धावायला गेली नाहीस ना? मग ठीक. मागे माझ्या तापात मी पापड लाटत बसले होते." एवढंच. मी भिंतीकडे तोंड करून तीन दिवस झोपले. लग्नाला बारा वर्षं झाली, सलग तीन दिवस मी कधी झोपले नव्हते.

घरगुती उपायांविषयी थोडं. सर्दी साधारण आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरी होते, खोकला मागे रेंगाळतो. आपण करतो ते सारं त्या दिवसांत आराम पडावा म्हणून. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, आलं-गवती चहा, मध (वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको), ओव्याचा शेक. वाफेनं बरं वाटतं, पण उकळतं पातेलं मुलांच्या जवळ घेऊन बसू नका, भाजण्याचे प्रकार होतात. मागच्या आजारपणातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या तर मुळीच घेऊ नका. विषाणूंवर त्या चालत नाहीत. नाकात घालायचे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे वापरले तर नाक उलट जास्त चोंदतं. आणि स्पर्धेत उतरणाऱ्या मुली घरात असतील त्यांच्यासाठी एक गोष्ट. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रोमानियाच्या सोळा वर्षांच्या आंद्रेया रादुकानचं जिम्नॅस्टिक्समधलं सुवर्णपदक काढून घेतलं गेलं. कारण? संघाच्या डॉक्टरांनी दिलेली सर्दीची गोळी! तिच्यात बंदी घातलेलं स्यूडोएफेड्रिन होतं.

ताप तीन दिवसांहून जास्त राहिला, धाप लागली, छातीत दुखलं किंवा धडधडलं तर घरगुती उपचार पुरे, डॉक्टरांकडे चला. माझा चौथ्या दिवशी उतरला. गोळीशिवाय पूर्ण एक दिवस ताप नाही, मगच चालायला सुरुवात. तीन दिवस नुसतं चालणं, मग थोडं पळणं थोडं चालणं, नाडी पुन्हा बासष्टवर आल्यावर दहा किलोमीटर. बुडालेले अठरा किलोमीटर भरून काढायच्या भानगडीत पडले नाही. मुंबईत चालत-पळत 21 किलोमीटर तीन तासांच्या दोन मिनिटं आत झाले. ठरवलं होतं त्यापेक्षा सावकाश. अंतिम रेषेपलीकडे पिशवीत कोरडे कपडे होते, ते लगेच बदलले, आणि परतीच्या गाडीत गर्दी होती म्हणून मास्क लावून बसले.

आणि संक्रांतीचं काय, असं तुम्ही विचाराल. शर्यतीच्या आधी पाचच दिवस संक्रांत! बंद खोलीत तीस बायका, प्रत्येकीच्या हातून तिळगूळ. मी आमच्याकडचं हळदीकुंकू पुढं ढकललं. रथसप्तमीपर्यंत चालतंच ते. दोघी-तिघी रुसल्या, पण आल्या सगळ्या. वाण म्हणून हात पुसायचे नॅपकिन दिले.