डबा, छत्री आणि कॅमेरा

आमच्या माळ्यावर चार सॅक आहेत. चारही कॅमेऱ्यासाठी घेतलेल्या. घरात कुरडयांचा डबा ठेवायला जागा नाही आणि ह्यानं पिशव्यांचं प्रदर्शन मांडलंय, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, आणि त्यात खोटं काही नाही. कॅमेरे मी आयुष्यात दोनच घेतले.

कॅमेरा घेताना माणूस चौघांना विचारतो, आकडे वाचतो, महिनाभर खर्चाची जुळणी करतो. सॅक घेताना तो दुकानात उभा असतो खरा, पण मनानं दाजीपूरच्या जंगलात गव्याच्या मागे निघालेला असतो. खांद्यावर चार बंद, कमरेला पट्टा, बाजूला ट्रायपॉड. सोमवारी सकाळी मात्र तो राजारामपुरीतून लक्ष्मीपुरीत कामावर जातो, गाडीवरून, डबा घेऊन. सॅक जंगलातला माणूस पसंत करतो आणि वाहतो कामावरचा.

त्यातली सगळ्यात मोठी तीस लिटरची. सॅकचं माप लिटरमध्ये सांगतात हे तेव्हा मला नवीन होतं. कोल्हापुरात लिटर म्हणजे दूध, तेही गंगावेशीत डोळ्यांसमोर म्हशीची धार काढून दिलेलं. तीस लिटर म्हणजे काय प्रकरण असतं हे कळलं ते जोतिबाच्या डोंगरावर, चैत्र यात्रेत. आत दोन बॉडी, 24-70, 70-200, फ्लॅश, चार्जर (डोंगरावर चार्जर कशाला, हे विचारू नका), पाण्याची बाटली, बाजूला बांधलेला ट्रायपॉड, आणि गळ्यात 50 ची लेन्स लावलेला तिसरा, उसना आणलेला कॅमेरा. चैत्र पौर्णिमेला तिथं लाखांनी माणूस असतं. मी वळलो की मागच्याला धक्का, सरळ झालो की शेजारच्याला. शेवटी एका आजोबांनी सॅकवर थाप मारून विचारलंच, "पावणं, गॅसची टाकी आणलीय व्हय?"

तेवढ्यात सासनकाठी आली. दोन-तीन मजली उंच काठी, चारी बाजूंनी दोर ताणलेले, मध्ये पेलणारा गडी आणि वरून गुलाल-खोबऱ्याचा पाऊस. 50 मध्ये काठी मावेना. दुसरा कॅमेरा काढायचा तर सॅक उतरवायला हवी, आणि खाली ठेवायला वीतभर जागा नाही. एका खांद्यावर ती लोंबकळत ठेवून कशीबशी चेन उघडली आणि त्याच वेळी कुणीतरी चांगभलं म्हणत मूठ उधळली. सगळा गुलाल आत. लेन्सवर, फोमवर, चेनच्या दातांत. खोबऱ्याचा एक तुकडा फ्लॅशच्या कप्प्यात जाऊन बसला होता, तो मला पंधरा दिवसांनी मुंग्यांनी दाखवला. गुलाल पिठाहून बारीक असतो. त्या गर्दीत लेन्स काढायची बुद्धी झाली नाही म्हणून सेन्सर वाचला. फोटो आला तो गळ्यातल्या 50 नेच. काठीचा शेंडा कापला गेलाय, पण पेलणाऱ्याच्या मानेच्या शिरा आणि पापण्यांवरचा गुलाल आलाय. तेवढा एकच फोटो मी भिंतीवर लावला.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर सॅक ठेवून पाहिली. साडेनऊ किलो. सगळं उपसून पुन्हा ठेवली, तर नुसती सॅकच 1 किलो 800 ग्रॅम.

वजनाचं हे रडगाणं माझ्या एकट्याचं नाही. जर्मनीतल्या वेट्झलर गावात ऑस्कर बार्नाक नावाचे यंत्रज्ञ होते. त्यांना दमा. काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा घेऊन टेकड्या चढवेनात. मग सिनेमाची 35 मिलिमीटरची फिल्म आडवी चालवून त्यांनी कोटाच्या खिशात मावेल असा कॅमेरा केला, आणि 1925 साली लायप्झिगच्या व्यापारी जत्रेत तो लायका या नावानं लोकांसमोर आला. एका दमेकऱ्यानं सगळ्या जगाच्या खांद्यावरचं ओझं उतरवलं. आम्ही शहाण्यांनी त्याच छोट्या कॅमेऱ्याला पुन्हा झूम, फ्लॅश, ग्रिप अशी शेपटं लावत लावत ते ओझं खांद्यावर आणून ठेवलं.

पाचवी सॅक घरात आणायची नाही, अशी ताकीद होतीच. ती आणलीही नाही, घरातच सापडली. मुलीनं कॉलेज संपल्यावर टाकून दिलेली, राखाडी, पंधरा लिटरची, चेनचा रनर तुटलेली. ती घेऊन लक्ष्मीपुरीत सॅक दुरुस्त करणाऱ्या मामांकडे गेलो. दुकान म्हणजे एक शिलाई मशीन, वर लटकणारे पट्टे आणि बकलांनी भरलेला बिस्किटांचा डबा. म्हटलं, "मामा, ह्यात कॅमेऱ्यासाठी खण करून पाहिजे."

मामांनी कॅमेरा टेपनं मोजला नाही. वीत लावली, वर दोन बोटं धरली. मग विचारलं, "उघडायची कुठनं?"

चार सॅक घेताना हा प्रश्न मला एकाही विक्रेत्यानं विचारला नव्हता. वरून उघडणारी सॅक सुटसुटीत, पण तळाचं हाताला लागत नाही. समोरून उघडणारी पूर्ण उतरवून आडवी करावी लागते, आणि पावसाळ्यात जो भाग चिखलात टेकतो तोच पुन्हा पाठीला लागतो. पाठीकडून उघडणारी गर्दीत सगळ्यात सुरक्षित, मागच्याला चेन दिसतच नाही. पण फोटो घ्यायच्या वेळी आपल्यालाही ती तितकीच दूर. मी जोतिबाची कथा सांगितली. मामा हसले नाहीत. म्हणाले, "मग बाजूला चेन मारू. एक बंद काढायचा, सॅक पोटावर घ्यायची, हात घालायचा. खाली ठेवायची गरजच न्हाई."

मी आत पिवळा स्पंज लावायला सांगत होतो. "स्पंज चार महिन्यांत बसतोय. चपलंला घालतात तसला कडक फोम लावतो." खांद्याचे बंद जिथं सॅकला जोडलेले असतात तिथं त्यांनी चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई दोनदा मारली. बंद कधी तुटत नाही, टाका तुटतो, हे त्यांचं म्हणणं मी माळ्यावरच्या सॅकवर पडताळून पाहिलं. दोन सॅक तशाच गेल्यात. चेनवर पावसासाठी कापडाची झापड आली. आणि मग त्यांनी जे केलं ते मला जन्मात सुचलं नसतं. कॅमेऱ्याच्या बऱ्याच सॅकमध्ये कॅमेरा तळाला आणि बाकीचं सामान वर असतं. मामांनी जेवणाचा डबा खाली घेतला. "आमटी खाली वाहती, वर चढत न्हाई." जड वस्तू पाठीला लागून आणि थोडी वर असली की ओझं मागं ओढत नाही, हा त्यातला दुसरा फायदा, तो चालायला लागल्यावर कळला.

परतताना मिरजकर तिकटीवरून खरी कॉर्नरला आलो. तिथला कॅमेरा स्तंभ लाल सिग्नललाही कुणी मान वर करून बघत नाही. तो ज्यांची आठवण म्हणून उभा आहे, त्या बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायला घेतला. 1916 साली आनंदराव गेले. पुढं बाबूरावांनी सहकारी दामल्यांना हाताशी धरून तो 1918 मध्ये पुरा केला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' 1920 साली पडद्यावर आला. दोघांचं मूळ आडनाव मेस्त्री. हातात कसब पिढीजात. बाहेरचा कॅमेरा मिळाला नाही म्हणून ते थांबले नाहीत. मी मात्र एक पिशवी मनासारखी मिळत नाही म्हणून चार विकत घेतल्या आणि पाचवी शिवायला मामा शोधले.

आता खणात एक बॉडी मावते, तिला लावलेली 50, आणि शेजारी एक छोटी रुंद लेन्स. 70-200 कपाटात. रंकाळ्यावर खंड्या दिसतो. दिसू दे, नुसता बघतो. हे सुरुवातीला अवघड गेलं हे कबूल. पण पूर्वी कॅमेरा महिन्यातून एकदा बाहेर पडायचा, आता रोज पडतो. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेरीस अंबाबाईचा किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्याकडे निघतात. गर्दी, आणि सगळ्यांच्या नजरा आत. मी कामावरून सुटून महाद्वार रोडला उभा होतो. तीच किरणं आत पोचायच्या आधी वेण्या विकणाऱ्या एका बाईच्या गालावर आणि शेवंतीच्या ढिगावर पडली होती. सॅक पुढं घेतली, हात घातला. मोठ्या सॅकनं तो फोटो मला मिळवून दिला नसता, कारण त्या दिवशी ती माळ्यावर असती.

एक सांगायचं राहिलं, पावसाळ्याचं. सॅक कॅमेरा नेण्यासाठी असते, ठेवण्यासाठी नाही. आपल्याकडं चार महिने फोम ओल धरून बसतो, आणि बंद सॅकमध्ये राहिलेल्या लेन्सच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. माझी जुनी लेन्स त्यातच गेली. घरी आलं की कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पोटली. निळे खडे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर तापवून कोरडे करायचे. तवा वेगळा ठेवा. आमच्याकडं त्यावरून भांडण झालंय.

माळ्यावरच्या चारही सॅक द्यायच्या आहेत. कुणाला लागत असतील तर घेऊन जा. तीस लिटरच्या सॅकच्या चेनमध्ये अजून थोडा गुलाल आहे, तो काही निघत नाही.