आखाजीचा डाव

आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची दुपार. धुळ्याजवळच्या गावी, मामांच्या ओसरीवर तीन पत्ती रंगली. खानदेशात आज झोका बायकांचा, पत्ते पुरुषांचे.

मामा स्वतःच्या पानांकडे फार बघत नाहीत, समोरच्याचे हात बघतात. भारी पानं आली की माणूस ती पुन्हा उचलत नाही, हात आपोआप चिल्लरीकडे सरकतो. हलकी आली की आवाज चढतो. म्हणून मी ठरवलं, पानं कशीही असोत, चालीआधी चहाचा एक घोट घ्यायचा. तिसऱ्या डावाला मामा हसले, “भो, कप ते कवयच रिकामा व्हयी गया!”

मोबाइलवर पोकर खेळायचो तेव्हा चेहराच नव्हता. तिथे वेळ चुगली करायची: झटकन आलेली चाल, उगाच लांबवलेला विचार. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. चुटपुट लागली नाही.

चुगली टाळायची रीत जुनीच: बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे. बघ्यांना आकडा कळू नये म्हणून हातच झाकलेला.

मामांची युक्ती त्याहून सोपी. ते ब्लाइंड खेळतात. जे आपल्यालाच ठाऊक नाही, ते चेहरा कसं सांगणार?