चिंगीचं भुंकणं

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, म्हणून नागपूरच्या भाचीने फोन करून विचारलं, "मावशी, बरी आहेस ना?" मी उत्तम आहे. वेळ खाल्ला तो चिंगीने.

चिंगी म्हणजे आमची कुत्री. गावठी, वय अडीच वर्षं, आणि अंगात वारं शिरल्यासारखी. मुलाची बदली बंगळूरला झाली आणि ती सांगलीला माझ्याकडे आली. बेल वाजली की भुंकायची, लिफ्टचं दार आपटलं की भुंकायची, गॅलरीतून दुसरं कुत्रं दिसलं तर विचारूच नका. खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या यजमानांना अर्धांगवायू झालेला आहे. रात्री त्यांना झोप नसते, डोळा लागतो तो दुपारी दोन ते चार. कुरियरवाल्यांचाही नेमका तोच मुहूर्त! सोसायटीच्या सभेत विषय निघाला, कुत्री कुठेतरी गावाकडे देऊन टाका म्हणून.

पुतण्याने लगेच भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचना पाठवल्या. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, भुंकणं हे त्याला कारण होत नाही, असं त्यात आहे. म्हणजे कायदा माझ्या बाजूला. पण तो कागद दाखवून खालच्या माणसाची झोप थोडीच परत येणार होती?

आधी डॉक्टरांकडे नेलं. कान दुखत असला, कुठे ठणकत असलं तरी कुत्रं चिडचिडं होतं. चिंगी ठणठणीत निघाली. मग मी शाळेत हजेरी मांडायचे तशी वही घातली: वेळ, कारण, किती वेळा भुंकली. आठ दिवसांत चित्र दिसायला लागलं. कुरियरवाला येतो, चिंगी भुंकते, कुरियरवाला जातो. तो तसाही जाणारच असतो, पण तिच्या हिशेबी तिनेच त्याला हाकललेलं असतं! रोज असं यश मिळाल्यावर कोण गप्प बसेल? आणि आपण वरून "गप्प!" म्हणून ओरडलो, की तिला वाटतं हेही आपल्याबरोबर भुंकायला लागले. छत्तीस वर्षं वर्गात काढलेल्या माणसाला हे नवीन नाही. गोंगाट करणाऱ्या वर्गापुढे आवाज चढवला की वर्ग आणखी चढतो.

पाव्हलॉव्ह आम्हाला बी.ए.ला मानसशास्त्रात होता. त्याला १९०४ साली नोबेल मिळालं ते पचनक्रियेवरच्या कामासाठी, पण लोकांच्या लक्षात राहिली ती त्याची लाळ गाळणारी कुत्री. तोच धडा घरी गिरवला. नातवाने आमच्या बेलचा आवाज फोनवर भरून दिला. तो अगदी बारीक लावायचा, आणि वाजला रे वाजला की पनीरचा कण तोंडात. आधी आवाज, मग खाऊ. हा क्रम उलटला तर काही उपयोग नाही. ती भुंकलीच तर आवाज फार मोठा झाला असं समजायचं आणि कमी करायचा. असा पायरीपायरीने वाढवत खऱ्या बेलपर्यंत यायला सात आठवडे लागले. आता बेल वाजली की ती दाराकडे न धावता माझ्या हाताकडे बघते.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचं गणित अंतराचं. समोरचं कुत्रं दिसतंय, पण चिंगी अजून खाऊ घेतेय, इतक्या लांब उभं राहायचं. खाऊ नाकारला की आपण फार जवळ आलो. मग वाद न घालता वळायचं. (लोक हसतात. हसोत.)

"तिला चेंडू टाकून दमवा" हा सल्ला सगळ्यांनी दिला. चिंगी त्याने दमण्याऐवजी चेकाळायची. त्यापेक्षा सकाळी कृष्णेच्या काठी लांब दोरीवर मनसोक्त हुंगू दिलं की घरी येऊन गाढ झोपते. दुपारी दोनच्या आत जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत तिचं खाणं लपवून देते. ते शोधण्यात तिचा अर्धा तास जातो. गॅलरीच्या कठड्याला खालून चटई बांधून टाकली. विजेचा झटका देणारा पट्टा एकाने सुचवला होता. त्याने आवाज बंद होईल, भीती बंद होणार नाही, म्हणून तो घरात आणला नाही.

दिवाळीत फटाक्यांनी दोन आठवड्यांचं काम धुवून टाकलं, ते पुन्हा पहिल्या पायरीपासून केलं. वहीत सुरुवातीला एका बेलला तीस-पस्तीस भुंकणी आहेत, आता दोन-तीन.

गेल्या आठवड्यात वहिनी वर आल्या. जरा चाचरत म्हणाल्या, "बाई, पाठवलीत का हो तिला गावाला?" चिंगी तेव्हा माझ्या खुर्चीखाली टॉवेल उलगडत बसली होती.

गॅस सिलेंडरवाल्याचं मात्र अजून जमलेलं नाही. टाकी जिन्यावर आपटल्याचा आवाज फोनवर कसा भरून घ्यायचा, ते नातवाला विचारायचं आहे.