जमेची बाजू

लातुरात बी-बियाणं आणि खतांच्या एका ठोक दुकानाचे हिशेब मी २२ वर्षं लिहितो आहे. दरवर्षी मे महिन्यात येणेबाकीचा अंदाज मांडायला बसतो. मांडणी सोपी: सुरुवातीच्या बाकीत उधार विक्री मिळवायची, वसुली, परतीचा माल आणि बुडीत वजा करायची. विक्रीचा आकडा फारसा छळत नाही. पाऊस लांबला तर उचल जूनऐवजी जुलैत, एवढंच. छळते ती वसुली.

पहिल्या वर्षी मी कॉलेजात शिकलेलं प्रमाण तसंच लावलं: विक्रीच्या महिन्यात ५० टक्के, पुढच्या महिन्यात ३०, तिसऱ्यात २०. त्या हिशेबानं जूनच्या ४० लाखांतलं ऑगस्टअखेर काही उरायला नको होतं. ३१ लाख उरले. माल पुरवणाऱ्या कंपनीला दिलेले चेक तारखेला लागणार होते, आणि ९० दिवसांपुढची येणी आमची बँक ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे कर्जाच्या उचलमर्यादेत, धरत नव्हती. सप्टेंबरात मालकांनी घरातलं सोनं तारण ठेवलं. ती पावती फाइलला मीच लावली.

मग जुन्या खतावण्या काढल्या. औशाकडच्या एका दुकानदाराचं पान अजून डोळ्यांपुढे आहे. जमेची बाजू जुलै ते सप्टेंबर कोरी. ऑक्टोबर सरताना एक नोंद, दिवाळीनंतर नोंदींची दाटी, फेब्रुवारीत शेवटची रक्कम आणि खातं चुकतं. सलग सहा वर्षं हेच. माणूस सचोटीचा होता. त्याचं गिऱ्हाईकही बी उधारीवरच न्यायचं. सोयाबीन आडतीवर लागलं की अर्धंअधिक द्यायचं, राहिलेलं तुरीवर. हे सगळं त्या पानावर लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

तेव्हापासून माझ्या तक्त्यात वसुलीचे टक्के पिकांवरून येतात, आणि प्रत्येक दुकानदाराचे वेगळे. मालक म्हणतात, "दिवाळीला सगळे देतील, जरा वाढवून धरा." मी वाढवत नाही. त्या आकड्यावर ते कंपनीला शब्द देणार असतात.

यंदा ऑक्टोबरची सुरुवातीची बाकी ६२ लाख, रब्बीची उधार विक्री १८, वसुली ३५, परतीचा माल २. म्हणजे अखेरीला ४३. पहिल्याच आठवड्यात काढून ठेवलेल्या सोयाबीनवर पाऊस पडला. दोन दुकानदारांना फोन केले, शेंगांना कोंब फुटलेत म्हणाले. मी ३५ खोडून २७ केले, ४३ चे ५१ झाले, आणि तक्ता घेऊन मालकांकडे गेलो: कंपनीकडं मुदत आजच मागा.